लाल ठिपक्याचा पेला

"मावशी, थांबा. तुमचा पेला आहे ना."

रोममध्ये, भर रस्त्यात, मॅडम मला असं म्हणाल्या.

ऊन असं, की मस्कत परवडलं. रस्त्याच्या कडेला एक नळ होता, लोखंडी खांबासारखा. त्याला तोटी नाही, चावी नाही, पाणी आपलं वाहतंच आहे. येणारा-जाणारा तिथं वाकत होता. गोऱ्या बायका, पाठीला बोजे लावलेली तरणी मुलं, एक भिकारी, भिकाऱ्याचं कुत्रं. वाकायचं, प्यायचं, तोंड पुसायचं, चालू लागायचं. साहेबांनी मुलांना युक्ती दाखवली. खालची धार बोटानं दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं. मुलं प्याली, साहेब प्याले, मॅडम हसत हसत प्याल्या. फोटो मी काढला.

मग मी वाकले. ओठ कोरडे पडले होते. तेवढ्यात तो हात आला पुढं.

स्टीलचा पेला. बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. घरातल्या बाकीच्या पेल्यांत चुकून मिसळू नये म्हणून.

मी तो घेतला. धारेखाली धरला आणि प्याले. तहान लागली होती, काय करता. कुत्र्याला जी धार चालते, ती मला पेल्यातून.

मी महाडकडची. मस्कतला, बौशर भागात, ह्या लोकांच्या फ्लॅटमध्ये राहून स्वयंपाक करत होते आणि साहेबांच्या आईचं सगळं बघत होते. आजी खुर्चीवर, चाकाच्या. माणसं पुण्याची, साहेबांचं ऑफिस मस्कतमध्येच, कुरुमला, मुलं आपसात इंग्लिशच बोलणार. माझा व्हिसा साहेबांच्या नावावर. इकडं ह्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. साहेब खलास म्हणाले की खलास, बाई विमानात. आणि गावाकडं माझी नात नर्सिंगला. तिचा बाप नाही. ती माझ्याच पगारावर शिकते. म्हणून मी पुष्कळ गिळलं.

पहिल्या दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनवर तो पेला आला. मॅडम हसून म्हणाल्या, "आमच्याकडे तसलं काही नाही हो मावशी. फक्त हायजीन."

आता हायजीन बघा. कणीक माझ्या हातची चालते. आजींची कवळी मी धुते. आजींना न्हाऊ घालते, पुसते, त्यांचं सगळं करते, ते हात चालतात. ओठ तेवढे चालत नाहीत. आणि नाव काय, तर मावशी. कामवालीला मावशी म्हणायची आपल्यात रीतच आहे. आईच्या बहिणीला कुणी वेगळा पेला देतं का, एवढंच मला विचारायचं असतं.

युरोपला मला नेलं ते आजींसाठी. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. फोनवर नातीला सांगितलं, तुझी आजी पॅरिस बघणार. निघायच्या दिवशी बॅग तोलली तर वजन जास्त भरलं. साहेब एकेक वस्तू बाहेर काढायला लागले. माझी शाल काढली. "उन्हाळाच आहे तिकडे." लोणच्याची बरणी काढली, मुलाचे बूट काढले. पेला काढला नाही. मी बघतच होते, मनात म्हटलं, आता काढतील. नाही. चार देशांचं पाणी त्याच पेल्यातून प्यायले मी.

लोक विचारतात, युरोप कसं आहे? मी सांगते, बाहेरून छान आहे.

खरंच, आतून मी बघितलंच नाही. पॅरिसला तो मोठा लोखंडी मनोरा. हे सगळे वर, मी खाली, बॅगांपाशी. व्हिएन्नाला राजवाडा. आत राणीचा पलंग आहे म्हणे, आजींनासुद्धा आत नेलं, तिथं खुर्चीला लिफ्ट होती. मी पायरीवर. पायऱ्या मात्र मला सगळ्या माहीत. कुठली थंड, कुठली उन्हात, कुठून शिपाई उठवतो. आणि फोटो. सगळे फोटो मी काढलेले. साहेब फोन हातात द्यायचे आणि दर वेळी सांगायचे, "पाय कापायचे नाहीत हं."

तर रोम. पाणी पिऊन झालं आणि हे सगळे ते जुनं पडकं रिंगण बघायला गेले. तिथले दगड उंचसखल, आजींची खुर्ची चालेना. आजी आणि मी नळापाशी झाडाच्या सावलीत थांबलो. बाटल्या मॅडमच्या पिशवीत गेलेल्या. थोड्या वेळानं आजींना तहान लागली.

मी म्हटलं, आजी, भांडं नाही दुसरं.

आजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणाल्या, "अगं, दे त्यातच."

मी पेला विसळला, भरून दिला. त्या घटाघटा प्याल्या. पुन्हा मागितला, पुन्हा प्याल्या. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "सुनेला बोलू नकोस हं."

मला बरं वाटलं तेव्हा. वाटलं, घरात एक तरी माणूस आपलं आहे.

मग आजींचा डोळा लागला आणि मी त्या धारेकडं बघत बसले. माझे आजोबा महाडच्या तळ्याची गोष्ट सांगायचे. गुरं त्या तळ्यावर पाणी पीत होती, आपल्याला मनाई होती. एक दिवस माणसं रांगेनं चालत गेली आणि सगळ्यांदेखत पाणी प्याली. आजोबांचे वडील त्यांच्यात होते. गोष्ट सांगताना आजोबा ओंजळ करून दाखवायचे. नुसती गोष्टच असायची, पण ओंजळ घट्ट, जशी काय गळेल.

आणि आजोबांच्या वडिलांची ही पणती रोमला सरकारी नळावर पेला धरून उभी.

मी उठले. ओंजळ केली, पोटभर प्याले. कुणी बघितलं नाही. ना साहेब, ना मॅडम, आजीपण झोपलेल्या. परत येऊन बसले आणि मनात आलं, हे काही पिणं नव्हे. कुणी बघत नसताना आजीही प्याल्याच की. चोरून प्यायला कुणाची मनाई असते? तळ्यावरची माणसं सगळ्यांदेखत प्याली, म्हणून तर त्यांची डोकी फुटली.

परतल्यावर एका शुक्रवारी मॅडमनी ट्रिपचे फोटो बघायला मंडळी बोलावली. दिवाणखाना भरला. मोठ्या टीव्हीवर फोटो, मी बटाटेवडे तळतेय, देतेय. कुणीतरी म्हणालं, तुम्ही सगळेच कसे फोटोत, काढले कुणी? साहेब म्हणाले, टायमर लावला. लोकांनी मान डोलावली. मी चटणी वाढली.

मग तो नळाचा फोटो आला.

मॅडम सोफ्यावर पुढं सरकून सांगायला लागल्या. "हे मला फार भावलं. एकच नळ, टुरिस्ट पितायत, भिकारी पितायत, कुत्रंसुद्धा. कोण कुठला, कुणी विचारत नाही. आपल्याकडे हे कधी येणार?"

एक बाई म्हणाल्या, खरंय गं, आपण फार मागे आहोत.

माझ्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे होता. मी तो टेबलावर ठेवला. आत गेले. वॉशिंग मशीनवरून पेला उचलला, बाहेर आणला आणि मधोमध ठेवला, उलटा, लाल ठिपका वर.

म्हटलं, "हापण आला होता रोमला. ह्याचा फोटो नाही."

मॅडमचं तोंड त्या ठिपक्यासारखं लाल. "मावशी, आत जा." मग पाहुण्यांकडं वळून म्हणाल्या, "हायजीन म्हणून ठेवलाय हो. ह्यांना उगाच नसतं ते वाटतं."

मी म्हटलं, "हायजीन असेल तर आजी कशा प्याल्या त्यातून? विचारा की."

सगळे आजींकडं बघायला लागले. मीपण. खरं सांगते, मला खात्री होती. दुसरं कुणी नाही, पण ही म्हातारी बोलेल.

आजी वाटीतला वडा मोडत राहिल्या. म्हणाल्या, "काहीतरीच. मी कशाला पिईन?"

मॅडमनी पेला पुढं केला तेव्हा लागलं होतं. हे त्याहून खोल गेलं. अजून तिथंच आहे.

मी ट्रेमधला ग्लास उचलला. काचेचा, पाहुण्यांचा. तोंड लावून प्याले. उभ्यानं, सगळ्यांसमोर, शेवटच्या थेंबापर्यंत. ग्लास होता तिथं ट्रेमध्ये बाकीच्यांच्यात ठेवला आणि आत जाऊन गॅस बंद केला. त्या ट्रेमधलं पाणी मग कुणी प्यालं नाही. शिकलेली माणसं, जग फिरलेली. एकाचाही हात पुढं झाला नाही.

सकाळी साहेबांनी बोलावलं. मॅडमची माफी मागा, सगळं विसरू, नाहीतर व्हिसा कॅन्सल. नातीचा चेहरा डोळ्यांपुढं आला, नाही असं नाही. पण मी म्हटलं, "माफी नाही. व्हिसाचं तुम्ही बघा."

त्यांनी बघितलं. पण मला विमानात बसवलं नाही. गावी जाऊन बोलेन, इकडं मंडळींत आधीच कुजबुज, असं काहीतरी असेल. दुसऱ्या मालकाच्या व्हिसावर सोडायला तयार झाले. दया नव्हती ती, भीती होती. मला तेवढी पुरली.

आता मस्कतबाहेर, बरक्याला आहे, रत्नागिरीकडच्या एका भाभींच्या खानावळीत. मासळीबाजारचे, ट्रकचे लोक जेवायला येतात. पगार कमी आहे. नातीचं एक वर्ष वाया गेलं. ती फोनवर फार बोलत नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

पहिल्या दिवशी भाभींनी चूल दाखवायच्या आधी मी विचारलं, मी पाणी कशातून प्यायचं? त्या बघतच राहिल्या. रॅककडं बोट केलं. मी त्यातला एक घेतला, त्यांच्यासमोर प्याले आणि मग पीठ मळायला घेतलं.

लाल ठिपक्याचा पेला मी निघताना घेऊन आले. माझ्या एकटीसाठी होता ना, मग माझाच तो. ठिपका खरवडला नाही, खरवडणार नाही. माझ्या ट्रंकेत आहे. ह्यापुढं कुणी मला वेगळा पेला दिला तर मी गुपचूप घेईन, बोलणार नाही, वाट बघेन. ज्या दिवशी त्यांच्याकडं चार पाहुणे येतील, त्या दिवशी दोन्ही पेले दिवाणखान्यात नेऊन टेबलावर ठेवीन. उलटे.