दोनदा फिरवलेली किल्ली

लांपांगच्या बाजारामागे थावॉनचं गॅरेज होतं. इंजिनाचं दुखणं तो नुसत्या कानाने ओळखायचा आणि गिऱ्हाइकांवर सारखा खेकसायचा. लामदुआनमावशींच्या वारलेल्या नवऱ्याची जुनी गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू व्हायला रडवायची. म्हणून त्यांनी ती आदल्या संध्याकाळीच आणून ठेवली होती.

"आमचे हे दोनदा किल्ली फिरवून थांबायचे, मगच स्टार्टर मारायचे," मावशी सकाळी म्हणाल्या. "पण हात लावण्याआधी गाडीतल्या देवीला हार घाल बाबा."

"देवी काय पेट्रोल चढवते? बसा पुढे, सांगतो तेव्हा किल्ली फिरवा."

थावॉन गाडीत मागच्या बाजूला पालथा पडला. सीटखालच्या पंपाला त्याने कान लावला.

"फिरवा!" पंप गुणगुणला आणि थांबला. "पुन्हा!" पुन्हा गुणगुणला. "आता मारा!" इंजिन झटक्यात सुरू झालं.

"सापडलं! पंपाची झडप गळतेय, रात्री पेट्रोल मागे उतरतं," म्हणत तो उठला.

पुढची सीट रिकामी होती. रस्त्यापलीकडून मावशी मोगऱ्याचा हार घेऊन लगबगीने येत होत्या.

"अरे, किल्ली तर माझ्याच मुठीत राहिली," त्या म्हणाल्या. "तू कशी सुरू केलीस?"