चपलांच्या राखणीवरची मुलगी

श्रीगोंद्याजवळच्या ज्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायला लागले, तिथे माझं कुणाशी पटलं नाही. पटावं असं मला वाटलंही नाही. मी नगरच्या इंग्रजी शाळेतली, कमी बोलणारी. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की हसणं थांबायचं आणि बाहेर पडले की पुन्हा सुरू व्हायचं.

रोज प्रार्थनेनंतर कवायत असे. मुलं चपला काढून कडुलिंबाखाली ढीग करत. त्या ढिगाची राखण आठवीतली एक मुलगी करी. पोलिओनं तिचा डावा पाय लुळा पडला होता, ती काठी टेकत चाले. पाचवीपासून तिला तेवढंच काम. चप्पल हरवली की मार तिला.

मी कवायतीच्या सरांना विचारलं, "हिला रांगेच्या टोकाला बाकावर बसवलं तर? हातांचे प्रकार करील ती."

"बाई, लंगडीला नाचवायचं तुमच्या कॉन्व्हेंटात," ते म्हणाले. खोली हसली. मग त्यांना गंमत सुचली असावी. "बरं, तपासणीला साहेब येतील तवा बसवा. एक हात चुकला, की शाळा सोडंपर्यंत चपला."

मुलीला सांगितलं, तर तिनं संशयानं पाहिलं. "मग चपला कोन राखनार?"

तीन आठवडे आम्ही शाळा भरण्याआधी येत होतो. ती बाकावर, मी समोर. आधी मान, खांदे, मनगटं सैल करायची, बाकाची कड धरून कंबर वळवायची, मग कवायतीचे हात. ती कधी हसली नाही. एकदा मी "पुरे" म्हटलं, तर म्हणाली, "तुमी दमला व्हय?"

तपासणीच्या दिवशी सर नेहमीसारखे नुसते आकडे म्हणू लागले. "एक!" साऱ्या मैदानाचा उजवा हात वर गेला. तिचा डावा. "दोन!" सगळे उजवीकडे, ती डावीकडे. शेवटपर्यंत तसंच. ठेका मात्र एकदाही चुकला नाही.

मला तेव्हा कळलं. मी तिच्याकडे तोंड करून उजवा हात उचलत होते, आणि ती आरशात बघावं तशी डावा.

"बघा साहेब," सर म्हणाले, "पाय तर पाय, डोस्कं बी उलटं." साहेब हसले.

चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मला दोन भाषा येत होत्या. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिले.

संध्याकाळी तिनं मला फाटकाशी गाठलं. "तुमी उलटं शिकवलं."

"हो."

"मग तवा तोंड शिवलं हुतं का?"

दुसऱ्या दिवशी ती आधीच कडुलिंबाखाली जाऊन बसली होती, चपला यायच्या होत्या तरी. मी बाकापुढे गेले, तिच्याकडे आणि बाकाकडे पाठ केली आणि उजवा हात वर धरला. हात दुखायला लागला तरी मागे काही हललं नाही. मग काठीचा आवाज जवळ आला, बाक करकरला.

"पदर खोचा," ती म्हणाली. "हात दिसत न्हाई."