पानावलेले डोळे

आमच्या पुस्तकवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज सकाळी ॲडमिन असलेल्या सरांनी एक कादंबरी सुचवली. खाली लिहिलं होतं, 'शेवट वाचताना माझे डोळे पानावले.' लगेच टाळ्या. "सर, काय शब्द शोधलात! पान आणि पाणी एकत्र!"

माझा चहा तसाच राहिला. ते वाक्य माझं होतं, परवा दुसऱ्या ग्रुपवर लिहिलेलं. 'पानावले' ही माझ्या घाईतल्या बोटाची चूक. याच सरांनी एकदा माझ्या 'पन'वरून मला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "मॅडम, आधी न आणि ण शिका, मग पुस्तकं सुचवा."

पुस्तकं नेऊन परत न देणारे पुष्कळ पाहिले. त्यांच्यावरचा राग टिकत नाही. पण ही कादंबरी मी बाबांच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसून वाचली होती. डोळ्यांतलं पाणीही कुणी आपल्या नावावर खपवतं?

लांबलचक खुलासा लिहिला आणि पुसून टाकला. मग सरांच्या त्या वाक्याखाली एकच अक्षर पाठवलं.

'ण.'

टाळ्या थांबल्या. सर टाइप करताना दिसले, थांबले, पुन्हा टाइप करू लागले. मी चहा परत गरम केला आणि चमचाभर साखर जास्त घातली.