तिसऱ्या फेरीतलं ‘बस’

समस्त पालघर तालुक्यास अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, दातिवऱ्याच्या एका मच्छीमाराच्या पोराचे नाक अखेर धंद्याला लागले! म्हणजे मी व्यावसायिक मुष्टियोद्धा झालो. तीन वर्षं हौसेखातर ठोसे खाल्ले, आता पोटासाठी खायचे होते.

समारंभ लढती भरवणाऱ्या शेठच्या भातगिरणीत झाला; माझी पहिली लढत त्याच्याच भाच्याशी होती. गोणी तोलायच्या काट्यावर मला बसवलं. शेठने जबडा उघडून दात पाहिले. बैलाचे बघतात तसे. मग स्वतःचं नाक दाबलं.

“मासळीचा वास मारतोय. माझ्या भाच्याला लढताना मळमळायला नको. धुवा याला.”

चार हमाल, चार बादल्या. भर अंगणात, चड्डीवर. बाजारात सुकट विकणारी माझी आई फाटकापाशी उभी. लोक हसले. मीही हसलो. माझं ते हसणं अजून टोचतं.

मग शेठने मला बाजूला घेतलं. “तिसऱ्या फेरीत मी ‘बस’ म्हणेन. तू खाली बसायचं. बसलास तर मुंबईच्या लढती. नाही बसलास, तर इथे उभा कसा राहतोस ते बघतो.”

भाच्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो बिचारा स्वतःला शूर समजत होता.

रविवारी गिरणीच्या पटांगणात दोर बांधले. तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावरचे कामगार बोईसरहून आले. “अरे मार ना, सोता है क्या!” पहिली फेरी. दुसरी. माझे पाय एका जागी ठरेनात. बसू? नको? बसू?

तिसरी. शेठ खुर्चीवर चढला. “बस!”

माझे गुडघे वाकले. खरंच वाकले. शेठ म्हणाला की बसायचं, आज्यापासूनची सवय. त्या गुडघ्यांची मला लाज वाटली. ताठ केले.

तिकडे दमलेल्या भाच्याला वाटलं, मामा ‘पुरे’ म्हणतोय. त्याने हात खाली सोडले. पंचाने लढत थांबवली नव्हती. आणि मी तर आता व्यावसायिक!

मारला. भाचा बसला.

पंच आकडे मोजत होता, शेठ माझ्याकडे बघून ओरडतच होता. “अरे बस! बस!” मुंबई गेली, पालघरही गेलं, कळत होतं. पण हा गुडघा यापुढे कुणाच्या हुकमाने वाकणार नव्हता. शेठशी मी नेहमी जपून, पुस्तकी बोलायचो. त्या दिवशी तोंडातून घरची भाषा सुटली :

“शेट, मी उबाच हाय! आता तुमी बसा!”