आबांची पावलं ओळखणारा हात

गंगाधरभाऊ गेले त्याला आता दीड महिना होईल. दुपारी सुमनवहिनींचा फोन आला. "ताई, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर आधी रागच आला... स्वतःचा, आणि थोडा त्यांचाही. त्याच्या आठ दिवस आधीच मी त्यांच्याकडे जाऊन आले होते आणि पुन्हा जायचं राहिलं होतं. या वयात राग धरायचाही कंटाळा येतो, पण सवय जात नाही.

गंगाधरभाऊंचा लातुरात गाण्यांच्या रेकॉर्डिंगचा धंदा होता. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं, तेव्हापासूनची आमची ओळख. जिकडेतिकडे नव्या कार्यालयांच्या पाट्या लागत होत्या आणि नळाला मात्र थेंब नव्हता. मी तिथल्या एका शाळेत नवी शिक्षिका, आणि माझे वडील, आबा, उमरीजवळच्या आमच्या गावी. आबा जयंतीच्या मंडपात गायचे. आवाज असा, की मधेच माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला शब्द न् शब्द कळायचा. त्यांची कॅसेट निघावी हा हट्ट माझा. त्यासाठी एका सुट्टीत त्यांना एसटीत घालून लातूरला आणलं. गंगाधरभाऊंच्या खोलीत भिंतींना गोणपाट लावलेलं, मधे काच, आणि काचेपलीकडे टेबलावर मुंबईहून आणलेला एक लोखंडी डबा. दोन-तीन बटणं आणि एक थरथरता काटा. "हा कंप्रेसर," ते कौतुकाने म्हणाले. आबांनी डब्याकडे नीट बघितलं. "बोअर पाडून राहिलास का काय इथं?" त्या दुष्काळात कंप्रेसर म्हटलं की लोकांना बोअरची गाडीच आठवायची. मग गंगाधरभाऊंनी समजावलं. आवाज एकदम चढला की हा डबा तो दाबून धरतो, म्हणजे गाणं फाटत नाही. आणि वरचं दाबून झालं की सगळंच मिळून मोठं करता येतं.

अडचण आबांच्या पायांची होती. उभा जन्म मंडपात गाऊन त्यांना सवय लागलेली, खालच्या सुराला माईकजवळ यायचं आणि सूर चढला की एक पाऊल मागे. "आबा, मागं सरकू नका. ते काम ह्या डब्याचं हाय," गंगाधरभाऊ म्हणायचे. "मग गायचं काम बी त्यालाच दे," आबा म्हणायचे. दोन दिवस हेच चाललं. आबा मागे सरकत, वरून डबाही दाबे, आणि गाण्यात जिथं अंगावर काटा यायचा नेमका तिथंच आवाज गडप होई. पाय न हलवता गायला लावलं तर आबा अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरासारखे गात. तिसऱ्या दिवशी गंगाधरभाऊंनी डब्याची वायरच काढून ठेवली. काचेतून आबांच्या पायांकडे बघत, आवाजाचं बटण बोटाने पुढेमागे करत, त्यांनी सहाही गाणी रिळावर उतरवली. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. माझ्या बापाकडे इतकं लक्ष देऊन कुणी बघितलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मी स्वतःही बघितलं नव्हतं.

कॅसेट निघाली. दुकानदार म्हणाला, "आवाज लई बारीक हाय. बाकीच्या कॅसेटीपुढं कळंनाच गेला." माल परत आला. तेव्हा मला न विचारता गंगाधरभाऊंनी सगळी गाणी त्या डब्यातून काढली, काटा पार पडेपर्यंत दाबली, आणि परत आलेल्या कॅसेटींवरच पुन्हा भरली. ही मात्र चौकाचौकात वाजली. गावी जाऊन आबांना ऐकवली, तर पहिलं गाणं संपायच्या आत ते म्हणाले, "चांगली हाय. पण ह्यो मी न्हाई." पुन्हा त्यांनी ती लावायला सांगितली नाही. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी आबा गेले आणि मी गंगाधरभाऊंशी बोलणं टाकलं.

त्यांचे निरोप यायचे. मूळ रीळ जपून ठेवलंय, ताईला म्हणावं एकदा येऊन ऐका. मी गेले नाही. बदलीने नांदेड, मग पुन्हा लातूर, संसार, आजारपणं... कारणांना काय तोटा? खरं कारण वेगळं होतं. रीळ आहे, कधीही ऐकता येईल, या भरवशावर मी आरामात रुसून बसले होते.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा गेले. "भाऊ, रीळ ऐकायला आले," मी म्हणाले. त्यांनी वहिनींकडे बघितलं. मग म्हणाले, "रीळ न्हाई, ताई." त्याच दुष्काळात नव्या जिल्ह्याच्या एका कार्यालयाला टँकरच्या वेळांची घोषणा भरून हवी होती. जीप दारात उभी, आणि खोलीत कोरं रीळ नव्हतं. कोणत्या गल्लीत टँकर कधी येणार, ते आबांच्या आवाजावर भरलं गेलं. "मग निरोप कशाला धाडायचात?" मी विचारलं. "तुम्ही आला असता तर समोर बसून सांगितलं असतं. निरोपात कसं सांगू?"

मी उठलेच होते. त्यांनी वहिनींना ती दाबलेली कॅसेट लावायला सांगितली. आबा त्या सपाट आवाजात गायला लागले आणि गंगाधरभाऊंचं बोट चादरीवर हळूच पुढे सरकलं. "इथं आबा मागं गेले. वाढवा, ताई." मी टेपचं बटण फिरवलं. "बास. आता कमी... जवळ आले." दोन गाणी अशी झाली. आबा खोलीत आले वगैरे मी म्हणणार नाही, पण एका ओळीला अंगावर काटा आला, हे खरं. मग ते दमले. "चार राहिलीत. उद्या या." मला सहज जाता आलं असतं. गेले नाही. म्हटलं, इतकी वर्षं मला फसवलं, आता चार दिवस बघू देत वाट त्यांनाही.

ती कॅसेट वहिनींनी नंतर मला दिली. रोज दुपारी मी लावते. पहिली दोन गाणी बटणावर बोट ठेवून ऐकते. कुठे वाढवायचं, कुठे कमी करायचं, पाठ झालंय. तिसरं गाणं लागतं आणि बोट जागच्या जागी राहतं. उरलेल्या चार गाण्यांत आबा कुठे मागे सरकले होते, हे ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि त्याने मला बोलावलं होतं.