पारूबाईंची वाटणी

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई पारूबाई, लई हट्टी. दुसऱ्या दिवशी बायपाससाठी दवाखान्यात भरती व्हायचं होतं, अन् बाईंना काय सुचावं? वाटणी! "माझ्या बहिणी एका नथीपायी मरेस्तोवर एकमेकींशी बोलल्या नाय. माझ्यामागं तुमचं तसं नको," म्हणल्या.

दागिन्या-भांड्यांची मोठी पेटी उघडून आम्हा तिघींना समोर बसवलं. करुणा अन् श्रेया माझ्या नणंदा, अन् मी दीपमाला, सून. "काय पायजे बोला." तिघी एका सुरात, "काय नको!" आता जित्या आईसमोर कोण म्हणंल, मला पाटल्या द्या म्हणून? अन् मागून आयुष्यभर कुढायला मोकळ्या!

पण आत्याबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नाय. त्यांनी मुद्दाम उलटेसुलटे ढीग लावले अन् चष्म्यावरून आमची तोंडं न्याहाळत बसल्या. हंडा करुणाला, कळशी श्रेयाला. दोघींची तोंडं पडली. जोडी फोडली तर कुणाच्याच कामाची नाय. मग हंडा-कळशी श्रेयाला, पाटल्या करुणाला. करुणा खुलली. पण श्रेयाचा डोळा मामंजींच्या हिमरू शालीवर, अन् ती माझ्या ढिगात! शाल तिकडं सरकली, हंडा-कळशी माझ्याकडं आली. श्रेया निवळली.

मी तोंडावरची माशी हलू दिली नव्हती. सुनेनं हावरेपणा दाखवायचा नाय, हेच शिकून आलेली मी. "दीपे, तुझं तोंड काय बोलंना," आत्याबाई वैतागल्या. "सांग, नायतर उद्या मी जातच नाय!"

माझं डोकंच सरकलं. "पाटल्या पायजेत! झालं समाधान?"

करुणाचं तोंड उतरलं. ती उठून दारात जाऊन उभी राहिली. अगं बाई, ज्याचं भ्या होतं तेच मी माझ्या तोंडानं घडवलं!

आत्याबाईंनी सगळे ढीग गोळा केले अन् भराभरा पेटीत कोंबले. "आज नाय जमत. मी घरी आले की पुन्हा बसू."

"व्हय आई, तू आल्यावरच," करुणा दारातनंच म्हणाली. श्रेयानं मान हलवली. मला बी सुटल्यावानी झालं.

मग मी आत्याबाईंकडं बघितलं. इतका वेळ आम्ही एकमेकींचे ढीग बघत होतो, त्यांचं तोंड कुणी बघितलंच नव्हतं. पांढरंफटक पडलं होतं. पेटीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलेलं.

"पोरींनो," त्या म्हणल्या, "मला लई भ्या वाटतंय गं."