आमचं आमी बोलतो

नव्वदच्या दशकात मी शहापूर तालुक्यात खर्डीला खोली घेऊन राहत होते. तानसा तलावाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यांवर एका परदेशी संस्थेच्या मदतीतून ओढ्यांना छोटे बांध घातले जात होते आणि त्या कामात मी दुभाषी होते. तलावातलं पाणी मुंबईला जायचं. पाड्यावरच्या बाया मात्र होळी झाली की हंडे घेऊन झऱ्याशी बसून राहायच्या.

दर हिवाळ्यात संस्थेच्या एक मॅडम यायच्या. उंच, माझ्याहून बऱ्याच मोठ्या, उन्हाने लालबुंद झालेल्या. त्या इंग्रजीत विचारायच्या, मी मराठीत सांगायचे. बायांचं उत्तर पुन्हा इंग्रजीत करून द्यायचे. दिवसभर इतक्या जणींचं बोलणं माझ्या तोंडून जायचं आणि संध्याकाळी खोलीवर आलं की बोलायला कुणी नसायचं. स्टोव्हवर भात टाकायचा, रेडिओ लावायचा. माझं असं एकटीने रानात हिंडणं घरच्यांना पटलं नव्हतं. हळूहळू तिकडचं जाणं-येणं बंदच झालं.

दोन हजार साल उलटल्यावर एका हिवाळ्यात मॅडम म्हणाल्या, "आम्ही द्यायचं आणि तुम्ही घ्यायचं, हे आता पुरे. शेजारच्या मुरबाडच्या पाड्यांनाही बांध हवेत. शहापूरच्या बायांनी त्यांना शिकवावं, पुढचं काम दोन्हीकडच्यांनी मिळून ठरवावं. आम्ही सोबत राहू."

पहिली बैठक म्हसा गावाजवळ एका देवळाच्या ओट्यावर झाली. मी नेहमीसारखी मधोमध बसले. मुरबाडच्या एका बाईने विचारलं, बांधाच्या बुडातनं पाणी झिरपतं, ते तुमी कसं थांबवलं? आमच्याकडची एक म्हातारी हाताने माती थापल्यासारखं करत आपल्या बोलीत सांगू लागली. सवयीने मी तेच मुरबाडच्या बाईला मराठीत सांगायला तोंड उघडलं. म्हातारीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू बस गो ताय. आमचं आमी बोलतो."

रागाने नाही, मायेनेच म्हणाली. मग दोन्हीकडच्या बाया भरभर बोलत राहिल्या, मधेच हसत राहिल्या. माझ्याशी त्या सावकाश, जरा मराठी वळणाने बोलायच्या; आता मला निम्मंच कळत होतं, मॅडमना काहीच नाही.

"काय म्हणतायत?" त्यांनी हळूच विचारलं.

"कामाचंच बोलतायत," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. नंतर आम्ही दोघी बाजूला चहा घेत बसलो. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींशी स्वतःचं असं काही बोललोच नव्हतो.

"तुमच्या घरी कोण असतं?" मी विचारलं.

"कुणी नाही. आणि तुझ्या?"

"माझ्याही नाही."

त्या थोडं हसल्या. आम्ही चहा संपवला.

त्यानंतर मॅडम एकदाच आल्या, पाहुण्या म्हणून. मुरबाडकडे बांध झाले. दोन्ही तालुक्यांतल्या पाड्यांनी मिळून संघ केला आणि बाया स्वतःच तहसील कचेरीत जाऊन बोलू लागल्या. दुभाष्याचं काम उरलं नाही. मी शहापूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले.

एका वर्षी म्हशाच्या जत्रेत त्या बाया मला भेटल्या, शहापूरच्या नि मुरबाडच्या, सगळ्या एकत्र. घोंगड्या घ्यायला आल्या होत्या. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, तांदळाची भाकरी आणि सुकट हातावर ठेवली आणि पुन्हा आपल्या गप्पांत रमल्या. मी खात ऐकत राहिले. मग शहापूरची एसटी लागली, तशी उठले.